कांदेलारियापर्यंत बघायचं नाही

६ जानेवारी

बाहुलं आईच्याच तुकड्यात निघालं! चायो मावशी टाळ्या पिटत ओरडली, "लागली वर्णी! दोन फेब्रुवारीचे तमाले तुझ्याकडे, तोला!" मागच्या वर्षी तिने स्वतःच्या तुकड्यातलं बाहुलं चक्क गिळलं होतं, तमाले, म्हणजे मक्याच्या पानांत गुंडाळून वाफवलेले उंडे, करायला नकोत म्हणून. असं माझ्या धाकट्या बहिणीचं, योसेलिनचं, म्हणणं. मावशी अजून कबूल होत नाही. यंदाचा रोस्का, आत बाहुलं लपवलेला सणाचा पाव, बेकरीतून आणला. कोरडा ठक्क. कॉफीत बुडवून बुडवून खाल्ला.

आई हसली नाही. बाहुलं नॅपकिनने पुसलं, एप्रनच्या खिशात टाकलं. "करीन की," एवढंच म्हणाली.

मी टेबलाखाली फोन बघत होते. सरकारी साइटवर माझा नंबर टाकायचा, की एक वाक्य येतं — अर्ज मिळाला, तपासणी चालू आहे. सप्टेंबरपासून तेच. इथे राहायच्या, काम करायच्या परवानगीचं माझं कार्ड १६ तारखेला संपतंय.

७ जानेवारी

तेच वाक्य.

८ जानेवारी

तेच. दुपारी दातांच्या दवाखान्यात एका पेशंटच्या तोंडात लाळ ओढायची नळी धरून उभी होते आणि डोक्यात तेच वाक्य. डॉ. क्रेग म्हणाल्या, "सित्लाली, नळी!" बिचारा माणूस गुदमरायला आला होता.

९ जानेवारी

आज आईने फोन हातातून काढून घेतला. पिठाच्या डब्यात टाकला! आत, पिठात! अठ्ठावीस वर्षांच्या बाईचा फोन!

मी ओरडले. ती शांत. म्हणाली, "रात्रंदिवस त्या भिंगात डोळा. सान हुआनच्या मातेवर भरवसा नाही म्हणजे. कोणी आपल्याकडे मागणं मागतो आणि वर दर घटकेला पदर ओढून विचारतो — झालं का, झालं का — तर तू देशील?"

मग नेहमीचं सुरू झालं. नवस. मी चार वर्षांची होते. हालिस्कोतून सरहद्द ओलांडून इकडे यायच्या आधी आईबाबा मला घेऊन सान हुआनच्या देवळात गेले. आई बोलून बसली — आम्हाला सुखरूप पलीकडे ने, पोरीला तिथे कागद मिळू दे, मी येऊन दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालेन. आम्ही सुखरूप आलो. मी पंधराची झाले तेव्हा कागदही मिळाला. आई काही जाऊ शकली नाही. कशी जाणार? तिला कसलाच कागद नाही. एकदा बाहेर पडली की दहा वर्षं दार बंद, वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलंय.

"म्हणून तर दोन-दोन वर्षांचं मिळतं," आई म्हणते. "ती मुदतीवर देते, कारण मीही तिला मुदतीवरच ठेवलंय."

मी म्हणाले, आई, लहानपणी आणलेल्या सगळ्याच पोरांना दोनच वर्षांचं मिळतं. काय सगळ्यांच्या आयांनी नवस थकवलेत? तर म्हणाली, "असतील. तुला काय माहीत?"

शेवटी तह झाला. कांदेलारियापर्यंत — म्हणजे दोन फेब्रुवारी, मातेचा सण — मी साइट बघायची नाही. एकदाही नाही. हा माझा वाटा. खरं सांगू? हो म्हणताना बरं वाटलं. रजा मिळाल्यासारखं. मी थकलेय त्या वाक्याला.

"आणि तुझा वाटा?" मी विचारलं.

"माझं मी बघते."

फोनच्या भोकातून अजून पीठ निघतंय.

१२ जानेवारी

तीन दिवस बघितलं नाही. अंगठा आपोआप जातो तिकडे. मी मागे ओढते. सिगरेट सोडणाऱ्यांचं असंच होत असेल.

१४ जानेवारी

डॉ. क्रेगनी आत बोलावलं. दार लावून घेतलं. मला वाटलं, रडतायत की काय. "कार्ड आलं त्या दिवशी परत ये. तुझी खुर्ची कोणाला देणार नाही." चांगल्या आहेत. पण मला त्यांचंच समाधान करावं लागलं — ठीक आहे हो, होतं असं, नाही नाही, तुमचा काय दोष. घरी येईपर्यंत त्यानेच दमले.

१६ जानेवारी

संपलं.

सकाळी कामाला गेले, संध्याकाळी गणवेश धुवून घडी घातली. आज रात्रीपासून मी इथे नोकरी करू शकत नाही आणि कोणी धरून नेलं तर दाखवायला काही नाही. चोवीस वर्षं इथे. इथली बालवाडी, इथली शाळा, इथे पडलेले आणि इथेच उगवलेले दात! हे दाताचं मी डॉ. क्रेगना सांगते तेव्हा त्या हसतात.

योसेलिन म्हणाली, "चल, केक खाऊ. बारशाचा असतो तसा संपल्याचा." ती इथे जन्मली. तिला असले विनोद सुचतात. गेलो. चांगला होता केक.

१७ जानेवारी

दिवसभर झोपले.

१८ जानेवारी

पुन्हा झोप. आई चर्चमध्ये मिसाला गेली. मी नाही.

१९ जानेवारी

योसेलिनशी कडाक्याचं भांडण. सुरुवात तिने भांडी घासली नाहीत यावरून. मी म्हणाले, मी घरी बसलेय म्हणजे मोलकरीण नाही झाले. ती तडकली — "तुझं कार्ड, तुझं कार्ड! या घरात दुसरं काही आहे की नाही? तुझं कार्ड आलं की सण, नाही आलं की सुतक. आईचं कधी कोणी विचारलं? तिला तर दोन वर्षांचंही नाही!"

"तू एकवीसची झालीस की तू कर ना तिचे कागद," मी म्हणाले. फार लागेल असं बोलले. आम्हा दोघींनाही माहीत आहे तसं होत नाही. वकीलबाईंनी समजावलं होतं, कागद न दाखवता आलेल्या माणसाला आधी बाहेर जावं लागतं, मग तीच दहा वर्षं. योसेलिन लहानपणापासून समजत होती की ती आईची चावी आहे. त्या दिवशी गाडीत किती रडली होती.

आई मध्ये पडली नाही. एकटीच बसून मक्याची वाळलेली पानं निवडत होती. फाटकी बाजूला, मोठी बाजूला.

वकिलांच्या ऑफिसला फोन केला. तिथली फोनवरची मुलगी म्हणाली, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत विचारू नका, आम्हालाही पत्रानेच कळतं. बरं. नाही विचारत.

२१ जानेवारी

आईने तमाले करायला घेतले. आज! सणाला अजून बारा दिवस! मी म्हणाले, आत्ता कशाला? "फ्रीझरला काय कळतं आज का उद्या?" तिने कामावरून सुट्टी घेतलेली. ती सुट्टी घेत नाही कधी. कारखान्यात सफरचंदं निवडायच्या पट्ट्यावर ताप अंगात घेऊन उभी राहिलेली बाई आहे.

आणि पीठ मला फेटायला लावलं. डुकराची चरबी, मक्याचं पीठ, मटणाचं पाणी, आणि हात. मिक्सरला हात लावू दिला नाही. खांदे भरून आले. मध्ये मध्ये पिठाची गोळी पाण्याच्या ग्लासात टाकायची. बुडली, "अजून." पुन्हा बुडली, "अजून." मी म्हणाले, आई, पुरे, कोणाला कळणारे? "वाफेवर कळतं," ती म्हणाली. "दगड होतात. मग माझं नाव घेऊन शिव्या द्याल."

शेवटी गोळी तरंगली. मी लहान पोरीसारखी ओरडले. आई बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "आता तुला येतं." मला वाटलं, चला, या महिन्यात एक तरी गोष्ट जमली.

शंभरावर झाले असतील. चायो मावशीच्या फ्रीझरमध्येही ठेवले.

२३ जानेवारी

आई कामावरून उशिरा आली. केसात केकचं क्रीम. कोणाचा तरी वाढदिवस होता म्हणाली.

२४ जानेवारी

बाबांच्या कबरीवर गेलो, तिघी. बर्फ पडलेलं. आईने हातांनीच झाडलं, दगडावरचं नाव ब्रशने घासलं. दुसरा ब्रश योसेलिनला दिला — "कोपऱ्यात शेवाळ धरतं, तिथे तू घाल." मग आम्हा दोघींना म्हणाली, "दर दोन-तीन महिन्यांनी यायचं. हा इथे एकटाच आहे." मी म्हणाले, आई, आजूबाजूला अख्खं गाव आहे. निम्मे याकिमा खोऱ्यातले, निम्मे हालिस्कोचे. ती म्हणाली, "तरी."

योसेलिन परत येताना गाडी फार सावकाश चालवत होती. माझ्याशी भांडण अजून मिटलं नाही बहुतेक. बोलतच नाही.

२६ जानेवारी

आज बघणार होते.

खरंच. चारच्या सुमारास. आई ओट्याशी काहीतरी शिवत होती, जुन्या रजईचे चौकोनी तुकडे. मी सोफ्यावर. साइट उघडली, नंबर निम्मा टाकला. आईने मान वर केली नाही, पण म्हणाली, "सित्ला." बस, एवढंच. मी बंद केलं. लाज वाटली. एवढी वर्षं ती नवस वागवतेय आणि मला तीन आठवडे निघत नाहीत!

"काय शिवतेस?" विचारलं.

"गुडघे दुखतात. कामावर खाली वाकावं लागतं."

तिने आता ते काम सोडावं. कार्ड आलं की पहिलं हेच. तिला घरी बसवायचं, मी जास्त तास करीन. बोलून टाकलं तिला. म्हणाली, "हो, बसते मी."

२८ जानेवारी

आईने मला चायो मावशीबरोबर याकिमाला पिटाळलं. मावशीचा डोळ्यांचा डॉक्टर, दुभाषी म्हणून मी. "मोतीबिंदू" मला दहाव्या वर्षापासून दोन्ही भाषांत येतो, या खोऱ्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू मीच पिकवलेत. जाता-येता मावशी एक अक्षर बोलली नाही. चायो मावशी! मी विचारलं बरं नाही का. तर डोळ्यांत औषध घातलंय म्हणाली, आणि रुमाल लावून बसली.

सहा वाजून गेले. आई घरी नाही. फोन बंद. योसेलिनही नाही.

२९ जानेवारी

लिहिते. लिहिल्याशिवाय काही सुचणार नाही.

योसेलिन काल आठला आली. एकटी. दारातच म्हणाली, "मी सोडलं तिला. सकाळी. तिकडे जाणाऱ्या व्हॅनवर. मला मारायचं तर मार."

मी मारलं नाही. खाली बसले.

सगळ्यांना माहीत होतं! चायो मावशीला, कामावर सगळ्यांना. तो केक आईच्या निरोपाचा होता. त्यावर "मार्टा" लिहिलेलं, कारण कामावर आई मार्टा आहे. एवढी वर्षं दुसऱ्याच्या नावाने सफरचंदं निवडली, निरोपही दुसऱ्याच्याच नावाने घेतला. मावशी रडत सांगत होती — "तिने शपथ घातली होती गं. सित्लाला कळलं तर ती व्हॅनसमोर आडवी पडेल म्हणाली." पडलेच असते!

"आणि तू?" मी योसेलिनला विचारलं. "तू का?"

"तिने मला विचारलं, तू नाही नेलंस तर मी चालत जाऊ का? काय करणार होते मी?" मग म्हणाली, "तू झोपून असायचीस ना, तेव्हा ती तुझ्या दाराशी उभी राहायची. रोज. मला म्हणाली, ही पोर आतून विझत चाललीय, आणि नवस माझ्याकडे अडकलाय."

म्हणजे माझ्यामुळे. माझ्या झोपेमुळे! मी जरा उठून भांडी घासली असती, मिसाला गेले असते, हसले असते...

आज सकाळी दहाला फोन आला. आईचा! बेकर्सफील्डच्या पुढे कुठेतरी पेट्रोलपंपावर थांबले होते. अजून सरहद्दीच्या अलीकडेच होती! मी ओरडत सुटले — उतर, आई, आत्ता उतर, तिथेच बस, आम्ही घ्यायला येतो, हजार मैल असले तरी येतो. मागे गाड्यांचा आवाज.

मग म्हणाली, "झालं बोलून? आता ऐक. मी सत्तावन्नची आहे. आज गुडघे आहेत. दहा वर्षांनी नसतील. देवळात काय खुर्चीवरून जाऊ?"

"आई, नवसाने नाही येत गं कार्ड. तिकडे कोणीतरी माणूस बसलाय, त्याच्यापुढे गठ्ठा आहे, त्याला वेळ होईल तेव्हा येईल."

"त्या माणसाला वेळ कोण देतो?"

मी रडायला लागले. ती म्हणाली, "कार्ड आलं असतं तर उतरले असते बघ. खरंच. मातेला म्हणाले असते, दिलंस ना, मग थांब अजून जरा, मी पोरींजवळ राहते. इतकी वर्षं तेच तर करत आले. पण या वेळी तिनेही हात आखडलाय. पटलं मला." मग — "तू फोनमध्ये नाही ना बघितलंस?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही, आई."

"शहाणी माझी. तुझा वाटा पाळलास. आता माझा."

ड्रायव्हर हाका मारत होता. फोन कट.

३० जानेवारी

काल संध्याकाळी पलीकडे गेली. कोणी अडवलं नाही. जाणाऱ्याला कोण अडवतं!

३१ जानेवारी

तिची उशी योसेलिनने नेली. मी तिचा एप्रन घेतला. वाटणी झाली म्हणायची.

परवानगी काढून आपल्यासारख्यांना तिकडे जाऊन येता येतं म्हणतात, घरचं कोणी आजारी असलं तर. पण परत आत घेतीलच याची खात्री देत नाहीत. आणि त्यालाही आधी चालू कार्ड लागतं. मला साइट बघायची इच्छाही नाही आता. मरो ते वाक्य.

१ फेब्रुवारी

रेमेदियोस मावशीकडे पोचली. पाय सुजलेत. चोवीस वर्षांनी बहिणी भेटल्या आणि पहिल्यांदा काय बोलल्या म्हणे? "तू जाडी झालीस." "तू पण."

उद्या पहाटेच देवळाच्या रांगेत लागणार. गर्दी लोटलीय, लोक आठ-आठ दिवस चालत आलेत.

२ फेब्रुवारी

तमाले काढायला फ्रीझर उघडला. वरच्याच पिशवीत बाहुलं! रोस्कातलं, प्लास्टिकचं, गारठून पांढरं पडलेलं. म्हणजे तमाले केले तेव्हाच ठरलं होतं तिचं. बाहुलं जिच्या वाट्याला, तमाले तिचेच. तिने करून ठेवले आणि गेली.

मोठ्या पातेल्यात वाफेला लावले. चायो मावशी आली, कोपऱ्यात चोरासारखी बसली. मी ताट दिलं तिला. किती दिवस रागावणार.

एक वाजता फोन. व्हिडिओ. रेमेदियोस मावशीचा हात हलत होता, आधी छत दिसलं, मग मेणबत्त्या, मग माणसंच माणसं. मग आई. गुडघ्यांवर. ते रजईचे तुकडे बांधलेले. कामावर वाकायला म्हणे! दोन अनोळखी बायका तिच्यापुढे शाली अंथरत होत्या. आई एका शालीवरून पुढच्या शालीवर, मग बायका मागची उचलून पुन्हा पुढे टाकत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. मध्ये एकदा ती थांबली, हात टेकले. योसेलिन किंचाळली, "उठवा तिला कोणीतरी!" आई उठली नाही. पुन्हा निघाली.

आम्ही तिघी ओट्याशी उभ्या. पातेल्याचं पाणी आटत आलं तरी कोणी हललं नाही.

बाहेर आल्यावर तिने फोन हातात घेतला. तोंड घामाने भिजलेलं, आणि इतकी हलकी दिसत होती! मी तिला अशी कधी पाहिलीच नाही. या घरात तर नाहीच.

"फेडला गं," ती म्हणाली. "फेडला. कसे झालेत तमाले?"

"मऊ. एकही दगड नाही."

"गोळी तरंगली होती ना." मग म्हणाली, "आता बघ. आता तुला मोकळीक."

मी म्हणाले, हात चरबीचे आहेत. धुऊन बघते.

३ फेब्रुवारी

मंजूर झालंय. साइटवर तारीख आहे — २६ जानेवारी, सोमवार.

आईला सांगितलं, काल दुपारी झालं, तू वेदीशी पोचलीस त्याच वेळी. ती खूप वेळ रडली. म्हणाली, "बघ! मी म्हणत नव्हते?"

हो आई, म्हणाले.

योसेलिनला तारीख दाखवलेली नाही.